राहणार फिरस्ती

नोकरीत असताना हजारो कागद हाताखालून गेले. बहुतेक विसरलो, विसरता आले नसते तर पोलीस खात्यात कोणाची झोप शाबूत राहिली नसती. निपाणीच्या ठाण्यातला एक कागद मात्र इतक्या वर्षांनीही मनातून जात नाही. फूलस्केपचा अर्धा ताव, निळ्या शाईतल्या सात-आठ ओळी आणि खाली गोल शिक्का. त्या कागदावरून मी गुन्हा दाखल केला, तपास केला, आरोपींची कबुली घेतली, त्यांना शिक्षाही झाली. दप्तर काढून पाहिलं तर या प्रकरणात माझी एकही चूक सापडणार नाही. चूक दप्तराबाहेर आहे आणि ती माझी आहे. नावं कोणाचीच देत नाही. यातल्या माणसांची नावं एकदा कागदावर आली तेवढं पुरे झालं.

सत्तरचं दशक संपत आलं असताना मी सब-इन्स्पेक्टर म्हणून निपाणीला हजर झालो. हायवेवरचा बसस्टँड, तंबाखूच्या वखारी आणि आठवड्याचा बाजार ही आमची तीन दुखणी. ठाण्याचा कारभार तीन भाषांत चाले. स्टेशन डायरी कन्नडात, वर जाणारा रिपोर्ट इंग्रजीत आणि माणसाचा जबाब त्याला समजेल अशा मराठीत. हे सगळं सांभाळणारे आमचे रायटर, म्हणजे ठाण्याचे लेखनिक, हे एक जुने हेड कॉन्स्टेबल. आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला दफेदार म्हणतात. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि ठाण्यात कोणता कागद कुठे आहे हे तोंडपाठ. मी साहेब होतो, पण ठाणं तेच चालवत.

सामान्य वाचकाला कलम १०९ माहीत नसतं, ते आधी सांगतो. पोटापाण्याचं साधन नाही, ठावठिकाणा नाही, असा माणूस संशयास्पद फिरताना दिसला तर पोलीस त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करू शकतात आणि त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा मुचलका घेतला जातो. हेतू गुन्हे रोखण्याचा. प्रत्यक्षात महिना संपत आला की आमच्या वरच्या सर्कल इन्स्पेक्टरांचा, म्हणजे सर्कल साहेबांचा फोन यायचा, "या महिन्यात प्रतिबंधक कारवाई किती?" मग दफेदार दोन शिपाई बसस्टँडवर पाठवायचे आणि तिथे पथारी टाकलेल्यांपैकी चार-पाच जणांना घेऊन यायचे. माणसं ठरलेली. त्यांनाही तारखा पाठ. एक जण तर अठ्ठावीस तारखेला नळावर आंघोळ उरकून, भांग पाडून, शिपायांची वाट बघत बसलेला असे. त्यांना एसटीनं तालुक्याला चिकोडीला न्यायचं, तिथले मॅजिस्ट्रेट म्हणजे तहसीलदार, त्यांच्यापुढे उभं करायचं, अंगठा घ्यायचा आणि संध्याकाळी परत आणून त्याच बसस्टँडवर सोडायचं. रजिस्टरात नाव, वय आणि मग ‘राहणार’ असा रकाना. त्यात दफेदार सुरेख अक्षरात एकच शब्द लिहीत: फिरस्ता. राहणार फिरस्ता. त्या दोन शब्दांचं एकमेकांशी जमत नाही हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही.

बायकांना आम्ही १०९ खाली कधी धरलं नाही. यात दयामाया काही नव्हती. ठाण्यात बायकांची कोठडी नव्हती, बाई शिपाई नव्हती. बाई धरली की बेळगावला पाठवा, सोबतीला बाई माणूस शोधा, ही सगळी यातायात. त्यापेक्षा पुरुष सोपे.

मी आल्यावर दुसऱ्या वर्षी सरकारी अनुदान आलं आणि नगरपालिकेनं जुन्या जकात नाक्यापलीकडे दहा खोल्या बांधल्या. वर्षानुवर्षं उघड्यावर राहणाऱ्यांसाठी. भाडं नाही. नुसती खोली देऊन सोडायचं नाही, तर सरकारी पगारावर एक सेविका ठेवायची. तिनं रोज फेरी मारायची, कोणाचं औषध चुकलं का बघायचं, ज्याला चूल पेटवायची सवय उरली नाही त्याला ती लावायची. आठवड्यातून एकदा डॉक्टर. गावात कुरकुर झाली. "आम्ही घरपट्टी भरायची आणि ह्या ऐतखाऊंनी पाय पसरायचं," असं लोक उघड बोलत. खोटं कशाला सांगू, मीही क्लबात बसून हेच बोललो होतो.

खोली मिळायला अट होती. अर्जदार किमान पाच वर्षं या गावात बेघर असला पाहिजे आणि तसा पुरावा पाहिजे. घर असल्याचे पुरावे ढीगभर असतात. नसल्याचा पुरावा कुठून आणायचा? नगरपालिकेतल्या कारकुनानं डोकं लढवलं. सरकारदरबारी ‘याला घर नाही’ असं लिहिलेली एकच वही होती, ती आमची १०९ ची. मग काय, ज्यांना आम्ही महिनाअखेरीला धरून आणत होतो ती माणसं आपल्या पायांनी ठाण्यात यायला लागली.

"साहेब, माझ्या समद्या केसा लिवा. एक बी सोडू नगासा."

एक जण तर दफेदारांवर चिडला. एका वर्षी त्याला ताप होता म्हणून दफेदारांनी त्याला तीन महिने धरलं नव्हतं, त्यामुळे त्याचा पुरावा मध्येच तुटत होता. "तवा का सोडलासा मला? धराय काय झालतं?" आम्ही रजिस्टर बघून दाखले देत गेलो आणि दोन महिन्यांत नऊ खोल्या भरल्या. नऊच्या नऊ पुरुष.

मी अधूनमधून तिकडे चक्कर टाकायचो, सुरुवातीला संशयानंच. पहिला महिना निम्मी माणसं खोली सोडून ओट्यावरच पडत. दुसऱ्या महिन्यात आत गेली. तिसऱ्या महिन्यात भिंतींवर आरसे दिसायला लागले. ज्याच्या भिंतीवर आरसा आहे त्या माणसाकडे पोलीस वेगळ्या नजरेनं बघतो. बसस्टँडवरच्या लहानसहान तक्रारी कमी झाल्या आणि आमची १०९ ची संख्या इतकी घसरली की सर्कल साहेब माझ्यावरच नाराज झाले. माझं मत तिथे बदललं. पण मत बदलणं फुकटात होतं.

दहावी खोली रिकामी असताना खबर आली. खबर देणारा बसस्टँडवरचा पानवाला. तो आम्हाला बातम्या पुरवायचा, कारण त्याच्या पाटीखाली चालणाऱ्या मटक्याच्या आकड्यांकडे आम्ही फार वाकून बघू नये अशी त्याची इच्छा असायची. खबऱ्या कधी खोटं बोलत नाही, पण का बोलतो आहे ते आपण विसरायचं नाही.

"साहेब, तुमच्या ठाण्याचा शिक्का भाइर कवा पडला?" त्यानं चुना लावता लावता विचारलं.

"म्हणजे?"

"स्टँडवरच्या आक्कानं खोलीच्या अर्जाला तुमचा दाखला लावलाय म्हणं. बाईमाणसाला तुमी दाखला दिलासा व्हय?"

आम्ही दिला नव्हता. मी नगरपालिकेतून अर्ज मागवला. त्याला तो फूलस्केपचा अर्धा ताव टाचलेला होता. मी दफेदारांपुढे धरला. त्यांनी चष्मा सारखा केला, कागद उजेडाकडे धरला, आणि एका ओळीवर बोट ठेवून हसले.

"साहेब, हे आपलं न्हवं."

"शिक्क्यात काही आहे का?"

"शिक्का झकास हाय. आपल्यापरास चांगला उठलाय. पण हितं ‘राहणार फिरस्ती’ लिवलंय. आपल्या रजिस्टरात फिरस्ता हाय, फिरस्ती न्हाय. आपण बाई कवा धरली?"

एका वेलांटीवरून खोटा कागद पकडला, याचं मला त्या वेळी मोठं कौतुक वाटलं. संध्याकाळी मी सर्कल साहेबांना फोन करून उत्साहानं सांगितलंही. तिथेच पहिली घाई झाली. वर एकदा सांगितलं की प्रकरण आपल्या हातात राहत नाही.

आक्का सगळ्या गावाच्या ओळखीची. पन्नाशीची, अंगानं वाळलेली. दिवसा वखारीत तंबाखू निवडायला जायची, त्या धुळीनं छाती बिघडलेली, आणि मुक्काम बसस्टँडवर बायकांच्या प्रतीक्षालयाच्या कोपऱ्यात. रोज सकाळी पहिली गाडी लागायच्या आधी तो कोपरा आणि समोरचा फलाट झाडून काढायची. कोणी सांगितलेलं नव्हतं. "जागा वापरायची तर झाडाय नको व्हय?" एवढंच म्हणायची. एसटीचा कंट्रोलरही तिला कधी उठवत नसे.

तिला दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात बोलावलं. बाईची चौकशी असली की आमची पद्धत अशी की क्वार्टर्समधून दफेदारांच्या बायकोला आणून शेजारी बसवायचं. त्या वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि बाकाच्या टोकाला बसल्या.

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं खूप सांगतो. आक्का विचारलेलंही सांगत नव्हती.

"हा कागद कोणी केला?"

"मीच."

"तुला लिहिता येतं?"

"न्हाय."

"मग कोणी केला?"

"मीच म्हटलं न्हवं साहेब. लिवा तसं."

तासभर हेच. मी आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला. शेवटी वहिनींनाच राहवलं नाही. "कशाला गं ह्या फंदात पडलीस आक्का? बरी की हुतीस."

ती वहिनींकडे वळली आणि पहिल्यांदा मोकळं बोलली. "त्या खोल्यास्नी आतनं कडी हाय म्हणं वैनी. तेरा वर्सं झाली, एक डोळा उघडा ठिवून निजतीया. बापई माणूस जवळनं गेला की हात पिशवीतल्या दगडावर. आता दोनी डोळं मिटून निजावं वाटतंय, एवढंच."

मी खाकरलो आणि चौकशी पुढे ढकलली.

माग लागला तो शिक्क्यावरून. भिंगाखाली पाहिलं तर अक्षरं हातानं कोरलेली, पण इतकी सरळ की अडाणी माणसाचं काम नव्हे. शिक्का उलटा कोरावा लागतो. उलटी अक्षरं सहज वाचणारा, लिहिणारा माणूस कोण? जो छापखान्यात खिळे जुळवतो तो. आणि जकात नाक्यापलीकडच्या चौथ्या खोलीत एक म्हातारा कंपोझिटर राहत होता. छापखाना बंद पडला, बायको गेली, दारू लागली, मग आठ वर्षं बसस्टँड. आमच्या रजिस्टरात त्याची भरपूर हजेरी. सगळे त्याला आप्पा म्हणत.

मी दफेदारांना घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. दारात रबरी चपला होत्या. डाव्या चपलेच्या टाचेतून शिक्क्याएवढा गोल तुकडा कापून काढलेला होता. मी चपला उचलून त्याच्यापुढे धरल्या. आप्पा हसला. ओशाळलाही नाही.

"तीस वर्सं उलटंच वाचलंय साहेब. सुलट वाचाय आता तरास हुतो."

"आक्काच्या सांगण्यावरून केलंस?"

"तिनं कुटलं सांगितलं? मीच गेलतो तिच्याकडं. तुमी मला दिलेला दाखला समोर ठिवला आन त्याच्यावरनं लिवला. माझ्यासारखीच स्टँडवर निजत हुती की ती. मला दार मिळालं, तिला का न्हाय?"

"अरे, पण खोटा कागद केलास."

"खोटा? वाचा बगू तुमी. मोठ्यांदा वाचा."

मी वाचला. मोठ्यानं नाही, पण वाचला. सदर बाईस घर नाही. ती गेली तेरा वर्षे निपाणी बसस्टँड येथे झोपते. तिला जवळचे नातेवाईक नाहीत. कलम १०९ खाली कारवाई झाल्याची एक ओळ सोडली तर त्या कागदात खोटं काहीच नव्हतं.

"आता आक्काकडं तुमच्या सहीचा एक कागुद हाय," आप्पा म्हणाला, "त्यो बी वाचा."

परत येऊन मी आक्काला पुन्हा ठाण्यात बोलावलं आणि तो कागद मागितला. तिनं साखरेच्या पोत्याच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून दिला. तिनं त्याआधी एकदा रीतसर अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. कारण म्हणून पोलिसांचा पडताळणी अहवाल जोडलेला होता. ‘सदर अर्जदार बाई वखार गल्ली, निपाणी येथे राहत असल्याचे या ठाण्याच्या अभिलेखावरून दिसून येते.’ खाली माझी सही. गठ्ठ्यात आलेल्या वीस कागदांवर मी एका दमात सह्या केल्या होत्या, त्यातला हा एक.

ती गेल्यावर मी विचारलं, "दफेदार, ही बाई वखार गल्लीत कधी राहिली?"

दफेदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ती चेनवाल्यांची केस. तुमीच सांगितलेलं."

मला आठवलं. दीड वर्षापूर्वी बसस्टँडवर बायकांच्या गळ्यातलं तोडणारी टोळी मी पकडली होती. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकच, आक्का. जबाब घेताना पत्त्याचा प्रश्न आला. ‘फिरस्ती’ लिहिलं की आरोपीचा वकील कोर्टात हमखास विचारणार, जिचा ठावठिकाणा नाही तिच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून मी नेहमीचंच केलं. वखार गल्ली घातली. आमच्या ठाण्याचे निम्मे साक्षीदार वखार गल्लीत राहत असत. एका वकिलानं मला एकदा थट्टेनं विचारलंही होतं, "साहेब, ती गल्ली आहे तरी केवढी?" आम्ही दोघं हसलो होतो. आक्कानं कोर्टात न डगमगता खरी साक्ष दिली, तिघांना शिक्षा झाली, माझी वर शिफारस गेली. आणि पुढे पडताळणीला अर्ज आला तेव्हा दफेदारांच्या हाताखालच्या शिपायानं तिचं नाव शोधलं, तो जबाब सापडला, पत्ता उतरवून काढला. त्याची तरी काय चूक.

म्हणजे हिशेब असा झाला. आप्पाच्या कागदावरचा शिक्का खोटा आणि मजकूर खरा. माझ्या कागदावरचा शिक्का खरा आणि मजकूर खोटा. तुरुंगाच्या दिशेनं मात्र तो निघाला होता, मी नाही.

मला दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या. जबाबातला पत्ता चुकीचा आहे, या बाईला घर नाही. तेवढ्यानं आक्काला दहावी खोली मिळाली असती. पण त्या टोळीचं अपील बेळगावच्या सेशन्स कोर्टात चालू होतं. मुख्य साक्षीदाराचा पत्ता तपास अधिकाऱ्यानं बनवून घातला असं बाहेर पडलं असतं तर तिघं सुटले असते आणि माझी खात्याअंतर्गत चौकशी लागली असती. बढतीची यादी निघायची होती. मुलगी बेळगावात टिळकवाडीला माझ्या भावाकडे राहून शिकत होती, तिचं लग्न डोक्यात होतं. मी स्वतःला सांगितलं की तीन गुंड सुटण्यापेक्षा एका बाईची खोली लांबणीवर पडली तर काही बिघडत नाही. गुंडांचं कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं.

सर्कल साहेबांना मी आधीच सांगून बसलो होतो, त्यामुळे गुन्हा दाखल करणं भाग होतं. आक्काला जातमुचलक्यावर सोडलं. दोषारोपपत्र लिहायला दफेदार बसले. नाव, वय, धंदा लिहून झाला आणि त्यांची लेखणी थांबली.

"साहेब, राहणार काय घालू?"

आक्का समोरच बाकावर बसली होती. फिरस्ती लिहिलं तर माझाच आधीचा जबाब खोटा ठरत होता. मी खिडकीकडे बघत म्हणालो, "जुनाच घाला."

दफेदारांनी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलेलं मी पाहिलं. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले, आणि मी कारण विचारलं नाही.

महिन्याभरानं कोर्टाचं समन्स आलं. ते बजावायला मी नव्यानं आलेल्या एका शिपायाला दिलं. धारवाडकडचा, कामाला चोख. तो दुपारभर फिरून घामाघूम होऊन परत आला.

"सर, ह्या नावाची बाई वखार गल्लीत न्हाय. मनी मनी विचारलो."

मनी म्हणजे त्यांच्याकडे घर. पठ्ठ्यानं गल्लीतलं प्रत्येक घर विचारलं होतं आणि तसा लेखी अहवाल आणला होता: सदर पत्त्यावर सदर नावाची बाई राहत नाही, पूर्वी कधी राहत नव्हती, गल्लीतील कोणीही तिला ओळखत नाही. खाली त्याची सही, बक्कल नंबर, दोन पंचांच्या सह्या.

तो अहवाल मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला. आक्काला हवा होता तो नेमका हाच पुरावा. पोलिसांनीच दिलेला, सहीशिक्क्याचा, अक्षरन् अक्षर खरा. नगरपालिकेला याची एक नक्कल पाठवली असती तरी काम झालं असतं, मला स्वतःच्या हातानं काही लिहावंही लागलं नसतं. खालून आपोआप आलेला कागद. यापेक्षा सोपी वाट देवानंही दिली नसती.

मी त्या पोराला म्हणालो, "ती दिवसा बसस्टँडवर असते. तिथे जाऊन बजाव आणि बजावलं एवढंच लिही." तो गेला. मग मी तो अहवाल फाडला. खोटा कागद केला म्हणून ज्यांच्यावर मी खटला भरला होता, त्यांच्यापेक्षा मोठा गुन्हा मी माझ्या टेबलावर बसून केला. त्याचं कलम मला पाठ होतं.

चिकोडीच्या कोर्टात दोघांनी गुन्हा कबूल केला. प्रत्येक जण दुसऱ्याचा काही संबंध नाही असं सांगत होता, त्यामुळे मॅजिस्ट्रेटही हसले. कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा दिली, ताकीद दिली, संपलं. मला हायसं वाटलं. संध्याकाळी निपाणीची गाडी पकडायला आम्ही सगळे एकत्रच निघालो. आप्पा पुढे, मागे मी आणि माझ्या बरोबरीनं दम खात चालणारी आक्का. आरोपीचा पुकारा करताना तिचा पूर्ण पत्ता कोर्टात मोठ्यानं वाचला गेला होता. आधीचे कागद तिला कोणी पूर्ण वाचून दाखवले नसावेत, तो तिनं बहुधा तिथेच पहिल्यांदा ऐकला.

"साहेब," ती म्हणाली, "वखार गल्लीत माझं घर हाय म्हणून त्यांनी वाचलं."

मी चालत राहिलो.

"मला ठावं न्हाय ते कुटलं. तुमास्नी ठावं असल तर एकडाव दावा की. निदान बगून तरी येती."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं, पोलिसाला टोमण्याची उत्तरं येतात. तिला खरोखरच वाटत होतं की सरकारनं वाचून दाखवलं आहे तर कुठेतरी काहीतरी असेल. मी म्हणालो, "बघू." गाडी लागली होती, मी ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलो आणि निपाणी येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. फौजदारी शिक्षा झालेल्याला खोली ठेवता येत नाही असा नियम निघाला आणि आप्पाची खोली काढून घेतली गेली. आम्ही त्याला वर्षानुवर्षं १०९ खाली नेत होतो ती शिक्षा धरत नव्हते, ही एका संध्याकाळची धरली. तो दोन-तीन दिवस बसस्टँडवर दिसला, मग कोल्हापूरच्या गाडीत बसून गेला. दारू त्यानं पुन्हा सुरू केली होती. चौथी आणि दहावी अशा दोन खोल्या बंद राहिल्या, त्यांत पालिकेनं ब्लीचिंग पावडरची पिंपं ठेवली. आणखी खोल्या बांधायचं अनुदान यायचं होतं, त्यात बायकांसाठी वेगळी रांग होती. वरून विचारणा झाली तेव्हा नगरपालिकेनं कळवलं की पात्र अर्जदार उपलब्ध नाहीत. हे पत्र माहितीसाठी ठाण्यालाही आलं. त्या आठवड्यात मी बसस्टँडवर गस्त घातली तेव्हा फलाटावर दोन डझन माणसं तरी झोपलेली होती, त्यांत पाच-सहा बायका. एकीचाही कागद नव्हता. अनुदान आलं नाही, सेविकेचं पद गेलं आणि दोन वर्षांत उरलेली माणसंही पांगली.

अपील फेटाळलं गेलं, तिघा गुंडांची शिक्षा कायम झाली आणि माझी बढती झाली. बदलीचा हुकूम घेऊन निघालो त्या सकाळी आक्का फलाट झाडत होती. तिनं झाडू थांबवून मला जायला वाट करून दिली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. दफेदार निवृत्त होऊन बेळगावजवळ काकतीला राहत होते, त्यांच्याकडे मी दोनदा गेलो, चहा घेतला, पिकापाण्याचं बोललो. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं असं विचाराल तर मोठं काही सांगता येणार नाही. घर नसलेल्या माणसाला सरकारनं घर द्यावं की नाही, यावर लोक अजून वाद घालतात आणि मला निवृत्त अधिकारी म्हणून मत विचारतात. मी सांगतो की द्यावं, आणि सोबत देखरेख करणारं माणूसही द्यावं. मी ते चालताना पाहिलं आहे, भिंतींवरचे आरसे पाहिले आहेत. ते पैशावाचून बंद पडलं नाही आणि त्या माणसांच्या लक्षणांनीही नाही. दारात कागद मागणारा उभा होता म्हणून बंद पडलं, आणि त्या कागदात मी माझ्या सोयीनं घातलेला एक पत्ता होता. ज्या माणसाला काहीच नसतं त्याच्याविषयी आपण काय लिहितो याला फार जपावं लागतं, कारण ते खोडायला तो येऊ शकत नाही.

तेव्हा लिहून द्यायला हवं होतं ते आज इथे लिहून देतो. जबाबाच्या भाषेतच देतो, दुसरी मला नीट येत नाही.

चेन तोडल्याच्या प्रकरणातील साक्षीदार बाई, वय सुमारे पन्नास, धंदा तंबाखू निवडण्याचा, राहणार फिरस्ती. सदर बाईस वखार गल्लीत किंवा अन्यत्र कोठेही घर नव्हते. तसा पत्ता मी स्वतः घातला, तो खोटा आहे हे मला माहीत होते, व माहीत असूनही मी तो दुसऱ्यांदा घालण्यास सांगितले. सदर बाई खोलीस पात्र होती. हा जबाब मी कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे. तो देण्यास उशीर झाला असून त्याचा तिला आता काहीही उपयोग नाही.